पाणी बघून सूत

जाळं उन्हात वाळवायचं की सावलीत, यावर गोदावरीकाठच्या एकाच घरात बाप आणि लेक वेगवेगळं बोलतात. म्हातारा नदीवरून आल्याबरोबर जाळं खडकावर पसरायला सांगतो. ओलं जाळं गुंडाळून ठेवलेलं त्याला बघवत नाही. लेक ते बाभळीच्या सावलीत टाकतो, घाई असली तर तसंच पोत्यात कोंबतो. दोघांचंही खरं आहे, फक्त दोघांच्या मनातलं सूत वेगळं आहे.

म्हाताऱ्याचा हात बसला तो कापसाच्या आणि सणाच्या जाळ्यांवर. कापसाचं सूत ओलं राहिलं की कुजतं. पाण्यातले जिवाणू त्यावर जगतात, आणि काही दिवसांत धागा बोटानं तुटायला लागतो. म्हणून रोज वाळवण, आणि अधूनमधून काथाच्या किंवा तुरट सालींच्या काढ्यात जाळं उकळून काढणं, हे मासेमारीइतकंच मोठं काम होतं. नायलॉन कुजत नाही. त्याला ऊन खातं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटत जातात, धागा वरून तसाच दिसतो आणि एखाद्या दिवशी मोठा कटला लागला की जाळं कागदासारखं फाटतं. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा बहुतेक दिवस चाळिशीच्या आसपास असतो. अशा उन्हात तापलेल्या खडकावर रोज पसरलेलं नायलॉनचं जाळं त्याच्या वयाच्या आधी जातं. कापसाला जगवणारी सवय नायलॉनचं आयुष्य कमी करते, आणि ही गोष्ट जाळं विकणारा कुणी सांगत नाही.

या लेखाचा विषय हाच आहे: सूत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले भोई आणि धरणांवरचे इतर मच्छीमार कोणत्या पाण्यासाठी कोणता धागा घेतात, का घेतात, आणि घेताना त्यांच्या हातात खरोखर किती निवड उरली आहे. मासेमारीवर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक समुद्राबद्दल. कोकणातल्या होड्या, रापण, ट्रॉलर, पर्ससीन. मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून इथं मासेमारीच नाही असा समज दिवाळी अंकांच्या वाचकांतही आहे. तो खोटा ठरवायला नांदेडचा एक जुना घाट पुरेसा आहे.

मुळात हा सुताचाच मुलूख. काळी जमीन, कापूस, जिनिंग, नांदेडची उस्मानशाही मिल. इथल्या कापूस संशोधन केंद्रात तयार झालेलं ‘एनएचएच ४४’ वाण शेतकऱ्यांनी ‘नांदेड ४४’ म्हणून डोक्यावर घेतलं. अशा मुलखात जाळ्याचं सूत घरच्या कापसाचं, दोर अंबाडीचा किंवा सणाचा, भार भाजलेल्या मातीच्या मण्यांचा किंवा शिशाचा आणि वर तरंगायला वाळका भोपळा असं सगळं पंचक्रोशीतच मिळत असे. आज यातलं काहीच पंचक्रोशीतलं नाही.

नायलॉन शोधलं अमेरिकेत, ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञानं, १९३५ साली. आपल्याकडे ते जाळ्यांत आलं स्वातंत्र्यानंतर. १९५७ साली कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, आणि कोणत्या जाळ्याला कोणतं सूत, किती जाडीचं, किती पीळ दिलेलं, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास देशात तिथं उभा राहिला. महाराष्ट्रात १९७६ साली ‘गरवारे वॉल रोप्स’ सुरू झाली आणि वाई-पुण्याकडून जाळी आणि दोर देशभर जायला लागले. कापसाचं जाळं हळूहळू अडगळीत गेलं. त्याबद्दल हळहळायचं कारण नाही. रोजच्या वाळवण्यातून, उकळण्यातून आणि दर हंगामाला नवं विणण्यातून बायाबापड्यांची सुटका झाली. पण कापसाबरोबर त्याची सगळी माहितीही गेली, आणि नायलॉनबरोबर त्याची माहिती आली नाही. जाळं आलं, आकडे आले.

आकडे असे असतात: २१०/१/२, २१०/१/३, २१०/२/२, २१०/२/३. दुकानात कुणी दोनशे दहा म्हणत नाही, ते गृहीतच असतं. ‘एक-दोन’ द्या, ‘दोन-तीन’ द्या, एवढंच. दोनशे दहा म्हणजे डेनियर. नऊ हजार मीटर लांबीच्या एका बारीक तारेचं वजन २१० ग्रॅम भरलं तर ती २१० डेनियरची तार. पुढचे दोन आकडे पिळाचे. ‘एक-दोन’ म्हणजे अशा दोन तारा एकत्र पिळलेल्या. ‘दोन-तीन’ म्हणजे दोन-दोन तारांचे तीन पदर, एकूण सहा तारा. हिशेब केला तर किलोभर ‘एक-दोन’ सुताची लांबी वीस-एकवीस किलोमीटर भरते, आणि किलोभर ‘दोन-तीन’ची सात किलोमीटरच्या आसपास. पीळ दिल्यानं दोन्हीकडे थोडी घट येते. सूत विकलं जातं वजनावर. म्हणजे तेवढंच जाळं जाड सुतात विणायचं ठरवलं की सुताचा खर्च तिप्पट. ही तिप्पट ज्याला परवडते तो जाड सूत घेतो, आणि ज्याला परवडत नाही त्याची निवड तिथंच संपलेली असते.

जाड सूत नेहमी चांगलं असंही नाही. बारीक धागा माशाच्या अंगाला कमी जाणवतो, लवचिक असतो, कल्ल्यामागं घट्ट बसतो. जाड धाग्याचं जाळं टिकतं, पण त्यात मासे कमी लागतात. म्हणून सुताची जाडी आणि आस यांचं प्रमाण बघावं लागतं. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. लहान आसेला जाड सूत वापरलं तर जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं, मासा लांबूनच वळतो. मोठ्या आसेला बारीक सूत वापरलं तर मोठा मासा ते घेऊनच जातो.

नांदेडच्या बंदाघाटाच्या पायऱ्यांवर एक वयस्क भोई जाळ्याला ठिगळ लावत बसले होते. बांबूच्या सुईत सूत भरलेलं, डाव्या हातात गुळगुळीत झालेली लाकडी पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे आसेची एक बाजू. सुई वरच्या फासातून खालून वर येते, सूत पट्टीवर ओढलं जातं, अंगठा ते दाबून धरतो, उजवा हात डावीकडं एक वळसा टाकतो, सुई फासाच्या मागून फिरून वळशातून बाहेर पडते आणि एक हिसका. गाठ बसली. कापसाच्या सुताला एवढं पुरे. नायलॉन गुळगुळीत, गाठ सरकते, म्हणून त्यांनी लगेच त्याच जागी दुसरी गाठ मारली. कारखान्यातल्या जाळ्यांना हीच घसरगुंडी थांबवायला उष्णता देऊन गाठी पक्क्या करतात. हातानं विणणाऱ्याला दुप्पट गाठी माराव्या लागतात, म्हणजे दुप्पट वेळ.

‘‘मामा, हे सूत कितीचं?’’

‘‘दोन-दोनचं. कामून?’’

‘‘तंगूस नाही घेतलं?’’

‘‘तंगूस दिसत नाही म्हणून भारी. आत्ता गंगेला पाणी गढूळ हाय. मासोळीला तसंबी काय दिसायलंय?’’

गंगा म्हणजे इथली गोदावरीच. या एका उत्तरात निवडीची अर्धी विद्या आहे. तंगूस म्हणजे एकाच पदराची, काचेसारखी पारदर्शक नायलॉनची तार. निवळ पाण्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, तंगुसाचं जाळं माशाला जवळजवळ दिसत नाही, आणि त्याची मासळी पिळाच्या सुतापेक्षा जास्त भरते. पावसाळ्यात नदी लाल होऊन वाहते तेव्हा ही खुबी निरुपयोगी ठरते, आणि तंगुसाचा दोष तेवढा उरतो. ओंडके, काट्याकुट्या, प्लॅस्टिक, विसर्जनानंतर तळाशी राहिलेले बांबू आणि तारा यांत ते अडकतं, आणि एकदा तार चिरली की दुरुस्त होत नाही. पिळाचं सूत तुटलं तरी ठिगळ लागतं. तंगूस टाकून द्यावं लागतं. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, कापूस मात्र भिजल्यावर जास्त बळकट होतो. दुकानात कोरडा धागा ओढून बघणारा गिऱ्हाईक म्हणून नेहमी थोडा फसतो.

नांदेड जिल्ह्यातली गोदावरी आता सलग नदी राहिलेली नाही. वरून अंतेश्वर, मग विष्णुपुरी, खाली आमदुरा, बळेगाव आणि तेलंगणाच्या हद्दीजवळ बाभळी, असे एकाखाली एक बंधारे. विष्णुपुरीचा शंकरसागर ऐंशी दशलक्ष घनमीटरच्या घरातला साठा, शहराला पाणी आणि उपसा सिंचनाला पाणी इथूनच. पंप चालू असले की पाणी उतरतं, वरून सिद्धेश्वर धरणाचं पाणी सोडलं की चढतं. कल्लेजाळं, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं, अशा पाण्यात रात्री लावलं आणि सकाळी पाणी दोन हात खाली गेलं असेल तर खालचा भार चिखलात आणि वरचे तरंगते तुकडे सैल, मधलं जाळं गोळा झालेलं. पातळी स्थिर असेल तिथं बारीक सूत आणि हलका भार चालतो, पातळी हलती असेल तिथं जाड सूत आणि जास्त शिसं. सूत निवडायच्या आधी पंपाचं वेळापत्रक माहीत असावं लागतं, आणि ते कुणी मच्छीमाराला कळवत नाही.

बाभळीचं तर आणखी वेगळं. धर्माबाद तालुक्यातला हा बंधारा महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २८ फेब्रुवारी २०१३च्या निकालानं त्याचं वर्ष ठरवून टाकलं. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर, नदी मोकळी. २८ ऑक्टोबरनंतर दरवाजे खाली. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. शेतकऱ्यांच्या अंगानं या तारखांवर पुष्कळ लिहून झालं आहे. जाळ्याच्या अंगानं बघा: १ जुलैनंतर वाहतं, गढूळ पाणी आणि अंडी घालायला वर चढणारे मासे. तेव्हा काठावरून फेकजाळं, जाड सूत, घेराला शिशाची भरघोस माळ. २८ ऑक्टोबरनंतर पाणी थांबतं, गाळ बसतो, निवळी येते. तेव्हा कल्लेजाळं, बारीक सूत किंवा तंगूस. म्हणजे या पट्ट्यातल्या मच्छीमाराची दोन जाळी, दोन सुतं, आणि ती बदलायच्या तारखा एका न्यायालयीन निकालात लिहिलेल्या. दोन संच घेण्याचं भांडवल असलेली घरं थोडी. एकाच जाळ्यावर दोन्ही हंगाम काढणारे कशालाच नीट न जुळणारं मधलंच काहीतरी सूत घेतात.

माशांप्रमाणेही सूत बदलतं. कटला रुंद, डोकं मोठं. रोहू लांबट. एकाच आसेत कटला कमी लांबीचा लागतो आणि रोहू जास्त लांबीचा. फ्योदर बारानोव्ह या रशियन मत्स्यशास्त्रज्ञानं गेल्या शतकात दाखवून दिलं होतं की प्रत्येक आसेचा एक नेमका मासा असतो, आणि त्याहून साधारण वीस टक्क्यांनी लहान किंवा मोठा मासा त्यात क्वचितच लागतो. लहान निसटतो, मोठ्याचं तोंडच आत जात नाही. सायप्रिनसच्या पाठीवरचा पहिला काटा करवतीसारखा, मासा आसेत बसला नाही तरी काट्यानं अडकतो आणि जाळं गुंडाळून टाकतो. शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळचे काटे तसेच, एक शिंगाळा सोडवताना दहा घरं तुटतात. चिलापी काटेरी पंखावर लटकते. मरळ पाणवनस्पतींत, शेवाळात राहणारी, वर येऊन हवा घेणारी. तिथं जाळं टाकायला जागाच नसते, तिला गळ लागतो आणि गळाला बेडकी. मरळीसाठी दोर जाडच हवा, कारण गळ लागल्याबरोबर ती गवतात शिरते आणि बारीक दोर गवताच्या गुंत्यात तुटतो. पुलावरून कणकेचा गोळा लावून बसणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवलेलं नसतं. एक-दोन मरळी दोरासकट गेल्या की त्यांना आपोआप कळतं.

गळाच्या दोराचा विषय निघाला म्हणून थोडं समुद्राकडं जाऊन येऊ. उथळ समुद्रात, खाडीच्या तोंडाशी, पिसांचं बनवलेलं आमिष फेकून मासे पकडण्याची एक पद्धत जगभर रूढ आहे, तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. नेहमीच्या गळाला आमिषाचं किंवा शिशाचं वजन असतं, त्या वजनानं दोर ओढत जातो. पिसांच्या आमिषाला वजनच नसतं. म्हणून तिथं दोरालाच वजन दिलेलं असतं, आणि फेकला जातो तो दोर. त्या दोरांना क्रमांक असतात, पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरवलेले. खाडीतल्या मासेमारीला नेहमी घेतला जाणारा आठ नंबरचा दोर म्हणजे त्या तीस फुटांत २१० ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. वारा जास्त, मासा मोठा, तर नंबर वरचा. मासा वर असेल तर तरंगता दोर, हातभर खाली असेल तर सावकाश बुडणारा, तळाशी असेल तर भरभर बुडणारा. थंड देशासाठी बनवलेला दोर उष्ण प्रदेशात उन्हानं मऊ पडतो आणि कड्यांतून सरकत नाही, म्हणून उष्ण कटिबंधासाठी वेगळा, कडक गाभ्याचा दोर बनवतात. प्लॅस्टिकचा लेप असलेले दोर आले विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी ते रेशमाचे होते, आणि रेशमी दोर रोज संध्याकाळी उलगडून वाळवावा लागे, नाहीतर कुजे. अगदी आपल्या कापसाच्या जाळ्यासारखंच.

हे सांगायचं कारण असं, की त्या हौशी मच्छीमाराला एक दोर विकत घेताना खोक्यावर सगळं छापलेलं मिळतं: वजन, कोणत्या पाण्यासाठी, किती तापमानासाठी, कोणत्या खोलीसाठी. धर्माबादला किंवा औशाला ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याला किलोचा भाव तेवढा मिळतो. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापणं आपण सक्तीचं केलं आहे. जाळ्याच्या गठ्ठ्यावर सुताचा आकडा, ओल्या गाठीची ताकद आणि ऊन सोसण्याची मुदत मराठीत छापायला काय हरकत आहे? एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचं ठरवलं. शेतीला जी माहिती मिळते ती मासेमारीला मिळणं हाही त्या दर्जाचाच भाग असायला हवा.

लातूरकडं प्रश्न वेगळा आहे. तिथं आधी पाणीच असावं लागतं. मांजरा नदी बीडच्या बालाघाट डोंगरांत उगम पावते, आणि केज तालुक्यातल्या धनेगावच्या धरणात अडते. सव्वादोनशे दशलक्ष घनमीटरच्या जवळपास साठवण असलेलं हे धरण लातूर शहराचं पाणी. पुढं नदीवर नागझरी, साई, डोंगरगाव असे बंधारे. २०१६च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं, आणि १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्या गाडीची छायाचित्रं देशभर छापून आली. कोरड्या धरणातल्या मच्छीमारांचं छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. धरण आटतं तेव्हा शेवटच्या डबक्यात मासे दाटतात, काही दिवस हातानं उचलावेत इतके, आणि मग काहीच नाही. जाळी माळ्यावर जातात. उंदीर नायलॉनही कुरतडतात.

त्याच वर्षीच्या पावसानं धरणात पुन्हा पाणी आणलं. पण पाणी आलं म्हणजे मासे आले असं नसतं. मत्स्यबीज सोडावं लागतं. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हापासून हे मोठ्या प्रमाणावर शक्य झालं. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकली, बोटुकलीपासून विकण्याजोगा मासा. बोटाएवढी कटल्याची बोटुकली किलोवर जायला चांगल्या पाण्यात वर्ष लागतं. आणि या एका वर्षात खरी परीक्षा आसेची होते.

बोटुकली सोडली त्याच पाण्यात चिलापी असते. ती वर्षातून अनेकदा विते, तिची संख्या भराभर वाढते, आणि ती तळहाताएवढीच राहते. चिलापी पकडायला दोन बोटांची आस लागते. गावात आस बोटांनीच मोजतात: दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं. दोन बोटांच्या तंगुसात चिलापी लागते आणि तिच्याबरोबर सहा महिन्यांचा कटला, जो अजून पावशेराचाही नसतो. मच्छीमाराला दोष देणं सोपं आहे. पण दुष्काळात कर्ज काढून जगलेलं घर, पाच वर्षांच्या ठेक्यानं तलाव घेतलेली सहकारी संस्था आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी राहील याची कसलीही खात्री नसलेलं धरण, अशा ठिकाणी मासा मोठा होईपर्यंत थांबणं म्हणजे पाण्यावर पैज लावणं आहे. लातूर जिल्ह्यात बारीक आसेच्या जाळ्याचं मूळ माझ्या मते हावरेपणात नाही, पावसाच्या बेभरवशात आहे. जिथं धरण तीन-चार वर्षं सलग भरलेलं राहतं, तिथले लोक स्वतःहून चार बोटांकडं जातात, कारण मोठ्या माशाचा भाव त्यांना कळतो.

बोटांच्या मापात एक गोंधळ आहे, तो इथंच सांगतो, कारण त्यानं पैसे बुडतात. कारखाना आस मोजतो ती ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. घाटावरची पट्टी मोजते ती एका बाजूनं, लगतच्या गाठीपर्यंत, म्हणजे निम्मी. दुकानदार ‘चार इंची’ म्हणतो तेव्हा पट्टीवर ती दोन इंच भरते. नवा गिऱ्हाईक चार बोटांची आस समजून चार इंची आणतो आणि पाण्यात टाकल्यावर त्याला लहान मासे मिळतात. पुढं जाळं दोराला बांधताना ते सैल ठेवायचं असतं, साधारण शंभर मीटर ताणलेलं जाळं पन्नास मीटर दोरावर, म्हणजे आस चौकटीसारखी उघडी राहते. ओढून बांधलं तर आस मिटते आणि चांगलं सूतही वाया जातं. या दोन गोष्टी मत्स्यविभागाच्या एखाद्या प्रशिक्षणात अर्ध्या तासात शिकवून होतील. सूत आणि जाळी घ्यायला सरकार अर्थसाहाय्य देतं, त्याबरोबर ही पट्टीही द्यावी.

तंगुसाबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. ११ जुलै २०१७ला राष्ट्रीय हरित लवादानं पतंगाच्या नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जात होते, बंदी योग्यच. आता दर संक्रांतीला नांदेड-लातुरात पोलीस मांजाची रिळं जप्त करतात. त्याच जातीची नायलॉनची तार नदीत आणि धरणात शेकडो मीटर पडते तेव्हा तिच्याकडं कुणी बघत नाही. फाटलेलं तंगूस ठिगळ लागत नसल्यानं काठावर फेकलं जातं, पुरात वाहून जातं, किंवा ओंडक्याला अडकून तळाशीच राहतं, आणि तिथं ते मासे धरतच राहतं. धरलेला मासा कुजतो, त्याच्यावर खेकडे आणि कासवं येतात, तीही अडकतात. कुजणारं कापसाचं जाळं निदान एका हंगामात संपायचं. काठावर टाकलेल्या तंगुसाच्या गाठोड्यांत बगळ्यांचे पाय अडकलेले मी पाहिले आहेत.

यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. तंगूस स्वस्त आहे, निवळ पाण्यात जास्त मासळी देतं, आणि ज्याच्याकडं दुसरं जाळं नाही त्याचं तेच पोट आहे. त्याऐवजी संस्थेनं जुनं तंगूस वजनावर परत घ्यावं आणि नव्या सुतावर तेवढी सूट द्यावी. नायलॉन वितळवून पुन्हा वापरता येतं, आणि टाकलेल्या जाळ्यांचं सूत करणारे उद्योग जगात उभे राहिले आहेत. वाईहून दोर येतो तर वाईला जुनं जाळं परत का जाऊ नये? धरणावर सोडलेलं प्रत्येक जाळं संस्थेच्या वहीत लिहिलं, त्याला तरंगत्या बाटलीवर मालकाची खूण लावली, तर हरवलेलं जाळं शोधायला निदान कुणी तरी जबाबदार राहील. या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. त्यांना लागते ती पावसाळ्याआधीची एक बैठक.

ही बैठक बहुतेक संस्थांत होते, मे महिन्यात, नवी जाळी घेण्यासाठी. कितीचं सूत, किती बोटांची आस, किती किलो, हे तिथं ठरतं. बसतात पुरुष. मासे विकतात बाया, टोपलीत, आठवडी बाजारांत, उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूरच्या रस्त्यांवर. पावशेराच्या कटल्याला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, काट्यांची तक्रार करतं, आणि दुपारनंतर तो उरतो. किलोचा कटला तुकडे करून दुप्पट भावानं सकाळीच संपतो. कोणत्या आसेनं घरात जास्त पैसा येतो याचा रोजचा, तोंडपाठ हिशेब त्यांच्याकडं आहे. त्या हिशेबात उरलेल्या माशांवर टाकलेल्या बर्फाचा खर्च असतो, उधारीवर गेलेला माल असतो, आणि भर उन्हात टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला केलेली पायपीटही असते. जाळ्याच्या बैठकीत त्यांना बोलावलेलं मी अजून कुठंच पाहिलं नाही. येत्या मे महिन्यात एखाद्या संस्थेनं सुताचा आकडा ठरवण्याआधी त्यांना बोलावून नुसतं विचारलं, की ‘‘मावशी, तुमचा कोणता मासा आधी संपतो?’’, तरी पुरे.